दाराआधीच्या पायऱ्या

मांजराच्या तोंडाशी, मिशांमध्ये, हिरव्या प्लॅस्टिकचे दोन बारीक तुकडे अडकलेत. कचऱ्याच्या पिशवीचे. आदल्या रात्री, मान मोडून मेलेलं हे मांजर त्याच पिशवीत घालून डॉक्टर लुईस क्रीडने आपल्या हाताने पुरलं होतं. आज ते घरी परत आलंय.

स्टीफन किंगच्या ‘पेट सिमेटरी’तली ही जागा आहे. मांजर खरंच मेलं होतं आणि खरंच परत आलं, याची वाचकाला खात्री पटते ती या दोन तुकड्यांनी. वीज कडाडत नाही, कुठे धूर निघत नाही. आणि लुईस काय करतो? डॉक्टर आहे, निदान करतो. मांजर मेलं नसेलच, नुसतं बेशुद्ध पडलं असेल. आपण घाईत पुरलं. ते शुद्धीवर आलं आणि पिशवी फाडून बाहेर पडलं, म्हणून तर तोंडाला प्लॅस्टिक लागलंय! म्हणजे तोच पुरावा दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. वाचक एका निष्कर्षाला पोचतो, नायक उलट्या, आणि दोघांचा तर्क बिनचूक असतो. नायक मूर्ख असता तर आपण सुटलो असतो. तो मूर्ख नाही, म्हणून आपण अडकतो.

किंगच्या कादंबऱ्यांवर बोलताना लोक भुतांबद्दल बोलतात. विदूषक, व्हॅम्पायर, पछाडलेलं हॉटेल. माझ्या मते त्याची खरी कारागिरी भुताच्या अलीकडे आहे, दारापर्यंत नेणाऱ्या पायऱ्यांत. प्रत्येक पायरी इतकी बुटकी की चढताना पायाला कळत नाही. वर पोचून मागे वळून बघितल्यावरच उंची कळते, आणि तोवर उतरायचा जिना उरलेला नसतो. ‘पेट सिमेटरी’त हे बांधकाम सगळ्यांत उघडं दिसतं, म्हणून याच पुस्तकाशी जास्त वेळ थांबायचं आहे.

पुस्तकाचा जन्म ठाऊक असलेला बरा. १९७८-७९ साली किंग मेन विद्यापीठात ओरोनोला शिकवत होता आणि जवळच्या ऑरिंग्टन गावात भाड्याच्या घरात राहत होता. घरासमोरून रहदारीचा रस्ता, त्यावरून मोठाले ट्रक. घरामागच्या रानात गावातल्या मुलांनी केलेली पाळीव प्राण्यांची दफनभूमी, तिच्यावर चुकीच्या स्पेलिंगची पाटी. त्याच्या मुलीचं मांजर रस्त्यावर मेलं. धाकटा मुलगा एकदा त्याच रस्त्याच्या दिशेने धावत सुटला, तो वाचला. किंगने कादंबरीत एक मोठी गोष्ट बदलली: मुलगा वाचत नाही. लिहून झाल्यावर हे फारच काळंकुट्ट झालंय असं वाटून त्याने हस्तलिखित बाजूला ठेवलं. जुन्या प्रकाशकाला करारापोटी एक पुस्तक देणं लागत होतं, म्हणून ते १९८३ साली बाहेर आलं.

आता पायऱ्या बघा.

पहिलं वाक्यच पायाचा दगड आहे. लुईसचे वडील तो तीन वर्षांचा असताना गेले, आजोबा त्याने पाहिलेच नाहीत, आणि चाळिशीकडे झुकताना आपल्याला बाप मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण नेमकं तेच घडलं. असा त्या वाक्याचा आशय. हा नवा बाप म्हणजे समोरच्या घरातला जड क्रँडल, ८० उलटलेला, संध्याकाळी ओसरीवर बिअर पीत गावच्या गोष्टी सांगणारा. पुढे जी दुष्ट जागा दाखवली जाते ती हाच माणूस दाखवतो. तीच जागा एखाद्या मांत्रिकाने दाखवली असती तर वाचकाने पहिल्याच क्षणी अंग चोरलं असतं. जडवर मात्र आपला विश्वास बसलेला असतो, कारण किंगने कितीतरी पानं त्या ओसरीवर खर्च केलेली असतात. भयकथा लिहायला बसणाऱ्या नवख्या लेखकांना नेमकी हीच पानं ‘संथ’ वाटतात आणि ते ती गाळतात. मग त्यांच्या गोष्टीतला म्हातारा पहिल्या भेटीतच जंगलाकडे बोट दाखवतो आणि वाचक जांभई देतो.

दुसरी पायरी घरातल्या भांडणाची. सगळे मिळून त्या प्राण्यांच्या दफनभूमीला भेट देऊन येतात, आणि लहानग्या एलीच्या डोक्यात पहिल्यांदाच शिरतं की आपलं चर्च नावाचं मांजरही मरणार. ती संतापते. देवाला मांजर हवं असेल तर त्याने स्वतःचं पाळावं, माझं का? लुईस तिला नीट समजावतो. पण तिची आई रेचल या विषयाचा शब्दही घरात उच्चारू देत नाही, कारण तिची बहीण झेल्डा लहानपणी मणक्याच्या मेंदूज्वराने खंगून गेली आणि त्या वेळी घरात ही एकटीच होती. नवरा-बायकोत वाजतं. त्यातून ठरतं ते असं की मरणाविषयी बोलायचं नाही. आणि न बोललेलं मरण हे खोटं बोलायला भाग पाडतं.

तिसरी पायरी ऋणाची. हॅलोविनच्या रात्री जडच्या बायकोला, नॉर्माला, हृदयविकाराचा झटका येतो आणि लुईस तिला वाचवतो. या प्रसंगात अमानवी काही नाही. पण आता जड लुईसचं देणं लागतो.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला रेचल मुलांना घेऊन शिकागोला माहेरी जाते आणि इकडे रस्त्याकडेला चर्च मरून पडतं. आता तीनही धागे ओढले जातात. मुलीला काय सांगायचं, हा प्रश्न, सांगायची घरात बंदी, आणि उपकार फेडायला उत्सुक असलेला शेजारी. जड म्हणतो, चल. आपणही निघतो. या क्षणी ‘नको जाऊ’ म्हणणारा वाचक मला तरी कल्पनेत दिसत नाही. मांजर तर आहे!

त्या रात्रीची चाल हा किंगच्या लेखनातला सर्वोत्तम तुकडा आहे असं मी मानतो. प्राण्यांच्या दफनभूमीमागे वठलेल्या, पडलेल्या झाडांचा ढीग आहे. तो ओलांडायचा. जड सांगतो, माझ्यामागून ये, थांबू नकोस, खाली बघू नकोस. पुढे दलदल लागते. आणि इथे किंग एक तंत्र वापरतो जे कुणीही लिहिणाऱ्याने वहीत उतरवून ठेवावं: भीतीदायक गोष्टीआधीच तिचं समंजस स्पष्टीकरण देऊन टाकायचं. जड आधीच बजावतो की दिवे दिसतील, ते दलदलीतले उजेड असतात, घाबरू नकोस. आवाज येतील, ते दूर दक्षिणेकडच्या पाणपक्ष्यांचे असतात, रात्री आवाज लांबवर जातो. मग आवाज येतो. पक्ष्याचा नाही, हे आपल्याला कळतं. पण स्पष्टीकरण तर मिळालेलं आहे, त्यामुळे किंचाळायची सोय राहत नाही. आपल्याकडे रात्री घरी परतताना सोबतचा जाणता माणूस म्हणतो, “टिटवी असेल, चल.” त्या ‘असेल’मध्ये जी भीती असते, तीच ही. आवाजाचं कारण विचारायच्या आत सांगितलं, की ऐकणाऱ्याला कळतं की सांगणाराही त्याच आवाजाला घाबरतो.

वर पोचल्यावर जड खड्डा खणायला हात लावत नाही. आपलं आपणच पुरायचं, अशी तिथली रीत. जमीन खडकाळ, मातीचा थर पातळ, कुदळ दगडावर आपटत राहते. खणून झालं की वर दगडांचा ढिगारा रचायचा. या शारीरिक कष्टाचं काम असं की लुईसच्या हातून ते घडतं; नुसतं त्याच्यावर येऊन कोसळत नाही. भूत माणसाकडे आलं तर तो बळी ठरतो. माणूस घाम गाळून भुताकडे गेला, तर तो भागीदार होतो. किंगच्या चांगल्या कादंबऱ्यांत सगळे भागीदार असतात.

त्याआधी एक इशारा मिळालेला असतो, तोही विसरून चालणार नाही. विद्यापीठातल्या नोकरीच्या सुरुवातीलाच गाडीखाली सापडलेला पॅस्को नावाचा विद्यार्थी लुईससमोर प्राण सोडतो, आणि रात्री स्वप्नात येऊन त्याला त्या पडक्या झाडांपाशी नेतो. हा अडथळा ओलांडायचा नाही, कितीही वाटलं तरी. सकाळी लुईस उठतो तेव्हा त्याच्या पायांना चिखल आणि पाइनची सुयांसारखी पानं चिकटलेली असतात. तो पाय स्वच्छ करतो आणि मळलेल्या चादरी नजरेआड करतो. पुढे मांजराच्या मिशांतल्या प्लॅस्टिकचं जे तो करणार आहे, त्याची ही रंगीत तालीम. पुरावा धुवायची सवय अंगवळणी पडतेय.

मग पतंगाचं प्रकरण. मार्च महिना, मोकळं माळरान, लुईस आपल्या लहानग्या मुलाला, गेजला, पतंग उडवायला शिकवतोय. सुखाचं इतकं साधं आणि भरगच्च वर्णन किंगने क्वचितच केलं असेल. आणि त्याच परिच्छेदात, कसलाही सूर न बदलता, तो सांगून टाकतो की आता दोन महिन्यांहून कमी आयुष्य उरलेला गेज खळखळून हसला. बस. अपघात अजून घडलेला नाही. रहस्य फोडून टाकलं, वाचकाच्या हातातली उत्कंठा काढून घेतली, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात त्याने उत्कंठा काढून तिथे दुःख ठेवलं. ‘काय होणार’ हा प्रश्न गेला की वाचक पानावरच्या प्रत्येक क्षणाकडे निरोपाच्या नजरेने बघायला लागतो. पतंगाची दोरी, पोराचं हसू, सगळं आधीच हातातून सुटलेलं.

दुसरा भाग सुरू होतो तो थेट अंत्यविधीपासून. ट्रकचा प्रसंग त्यानंतर तुकड्यातुकड्यांनी येतो, आठवणीसारखा. आणि मग एक संपूर्ण प्रकरण असं की लुईसचा हात ऐनवेळी पोराच्या जॅकेटला पोचला, पोरगं वाचलं, वाढलं, शिकलं, ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आलं. वाचक हे क्षणभर खरं मानतो, कारण त्याला तसं हवंच असतं. लुईस जागा होतो आणि आपणही. लुईसला पोर परत हवंय हे सांगायला किंगला दहा वाक्यं लागली असती. त्याऐवजी त्याने ते पोर आपल्याला हवंसं करून सोडलं. यापुढे लुईस जे करेल त्याला आपली मूक संमती आहे.

जड त्याला रोखायला टिमी बेटरमनची गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात मेलेला मुलगा, बापाने त्या जागी पुरलेला, आणि परत आलेलं ते जे काही होतं ते. “कधी कधी मेलेलंच बरं,” हे जडचं म्हणणं. पण इशाऱ्याचा दोष हा की तो शक्यतेचीही बातमी देतो. माणसं पुरली तरी परत येतात, हे लुईसला पक्कं कळतं ते याच गोष्टीतून.

इथून पुढची तयारी किंग हार्डवेअरच्या दुकानापासून दाखवतो. फावडं, कुदळ, दोर, हातमोजे, टॉर्च, ताडपत्री. कब्रस्तानाचं लोखंडी कुंपण आणि त्याची वरची भाल्यासारखी टोकं. शवपेटीभोवतीचं सिमेंटचं आवरण कसं उचलायचं याचा विचार. वेडाला यादी असते, हे त्याला नेमकं ठाऊक आहे. दुःखाने भ्रमिष्ट झालेला माणूस केस पिंजारून ओरडतो असं लिहिणं सोपं. तो शांतपणे दुकानात उभा राहून दोराची लांबी ठरवतो, हे लिहायला धैर्य लागतं. मराठी वाचकाला कबर उकरण्याचा प्रसंग परका वाटावा, आपल्याकडे बहुतेक घरांत दहन. पण अगदी लहान मूल गेलं तर पुरायची रीत आपल्याही अनेक समाजांत आहे, आणि गेज तेवढाच लहान आहे. त्यामुळे ती ताडपत्री कशासाठी घेतली आहे हे मराठी वाचकालाही समजावून सांगावं लागत नाही.

या पायऱ्यांचं गणित किंगच्या इतर पुस्तकांतही सापडतं, वेगवेगळ्या मापांनी. ‘द शायनिंग’ (१९७७) मध्ये ते एका बॉयलरच्या काट्यावर बसवलंय. सुरुवातीलाच वॉटसन नावाचा माणूस, हॉटेलची हिवाळ्यातली राखण करायला आलेल्या जॅक टॉरन्सला तळघरात नेऊन दाखवतो: हा जुना बॉयलर, दाब आपोआप उतरत नाही, दिवसातून निदान दोनदा खाली येऊन उतरवायचा. क्षमता २५० ची म्हणतात, पण काटा १८० वर असताना मी याच्याजवळ उभाही राहणार नाही. आणि हा दाब चोरपावलांनी चढतो. नंतर शेकडो पानं आपण भुतं बघतो, हॉटेल बघतो, जॅकची दारूची तहान, त्याचा राग बघतो, आणि काटा वाचकाच्या डोक्यात मागे कुठेतरी चढत राहतो. राग आणि वाफ यांची तुलना किंग मुद्दाम करून दाखवत नाही, करायची गरजही नाही. शेवटी हॉटेलच जॅकच्या अंगात इतकं भिनलेलं असतं की बॉयलर विसरला जातो आणि फुटतो. याच कादंबरीवरच्या कुब्रिकच्या १९८० च्या चित्रपटात हा शेवट नाही, तिथे बर्फ आणि झुडपांचा चक्रव्यूह आहे. चित्रपट म्हणून तो थोर असेल, पण कादंबरीचं हृदय त्या तळघरात होतं आणि ते काढून घेतल्यावर जॅक पहिल्यापासूनच वेडसर वाटतो. पायऱ्याच उरत नाहीत.

‘सालेम्स लॉट’ (१९७५) मध्ये मोजमाप घड्याळाचं. एक संपूर्ण प्रकरण गावाच्या एका दिवसाचं, तासातासाने. पहाटे चारला गोठ्यात धारा काढणारी पोरं, मग एकेक घर, एकेक माणूस, प्रत्येकाचं छोटंमोठं पाप. व्हॅम्पायर बार्लो प्रत्यक्ष समोर येतो तो फार उशिरा. आधी त्याचा भागीदार फर्निचरचं दुकान थाटतो. तोवर आपल्याला गाव पाठ झालेलं असतं. मग एकेका घराचा दिवा विझू लागतो तेव्हा कोणता दिवा कुणाचा हे आपण सांगू शकतो. नारायण धारपांनी ‘लुचाई’ याच कादंबरीवर बेतली. बोलावल्याशिवाय आत येता येत नाही, हा व्हॅम्पायरचा नियम मराठीत आणला की त्याला निराळीच धार चढते, कारण दारातल्या माणसाला ‘या ना आत’ म्हणणं हे आपल्याकडे बोलण्याआधी तोंडातून निघून गेलेलं असतं.

किंगने ‘डान्स मकाब्र’ (१९८१) या आपल्या भयसाहित्यावरच्या पुस्तकात एक उतरंड मांडली आहे. सगळ्यांत वर ती धास्ती, जिच्यात अजून काहीच दिसलेलं नसतं. ती साधली नाही तर प्रत्यक्ष भयंकराचं दर्शन, आणि तेही साधलं नाही तर किळस. तिन्हींपैकी काहीही वापरायला आपल्याला लाज नाही, असं तो मोकळेपणाने कबूल करतो. तिथेच दाराची चर्चा आहे. बंद दारामागे काहीतरी खरवडतंय. दार उघडलं आणि १० फुटी किडा दिसला तर माणूस किंचाळतो, पण आत कुठेतरी सुटकेचा श्वासही टाकतो, की १०० फुटी नव्हता. मग दार उघडायचंच नाही का? किंगचं मत, कधीतरी उघडावंच, नाहीतर ती वाचकाशी लबाडी होते.

या मतानेच त्याचा अनेकदा घात केलाय. ‘इट’ (१९८६) मध्ये १९५८ आणि १९८५ अशी दोन वर्षं समांतर चालतात, आणि एका काळातलं अर्धवट सोडलेलं वाक्य दुसऱ्या काळात जाऊन पूर्ण होतं, इतकी ती एकमेकांत विणलेली. पावसात वाहणाऱ्या कागदी होडीला मेण लावण्यापासून ते गटाराच्या तोंडापर्यंतचं पहिलं प्रकरण म्हणजे पायऱ्यांचा वस्तुपाठ. आणि हजारांवर पानांच्या या धास्तीच्या तळाशी निघतो एक अवाढव्य कोळी. दार उघडलं, किडा मोजला, भीती संपली. ‘पेट सिमेटरी’चंही सगळंच निर्दोष नाही. रेचलला झेल्डाची आठवण सोडली तर स्वतःचं फारसं आयुष्य दिलेलं नाही. आणि मांजर पुरलं ती मिकमॅक या तिथल्या आदिवासींची दफनभूमी, वेंडिगो हा नरभक्षक राक्षस, हे सगळं किंग बाहेरच्या माणसाच्या नजरेने उचलतो. मूळ रहिवाशांची जमीन म्हणजे शाप, या सोयीच्या कल्पनेला त्याने लोकप्रियता दिली आणि ती माणसं मात्र कादंबरीत जवळजवळ नाहीतच. याचं वाईट वाटतं, कारण जागेला शाप असण्याची गरजच नव्हती. लुईसच्या मनाची जमीन पुरेशी होती. जडच तसं म्हणतो: माणसाच्या काळजातली माती त्या जागेहून खडकाळ असते, माणूस तिच्यात जमेल ते पेरतो आणि त्याची निगा राखतो.

तरीही जागेचा हात कुठवर आहे, हे किंग शेवटपर्यंत पक्कं सांगत नाही, ते बरं करतो. गेजला उडवणारा ट्रकचालक नंतर एवढंच सांगतो की लडलोपाशी, म्हणजे लुईसच्या गावापाशी, आल्यावर त्याला वेग वाढवावासा वाटला. का, ते त्यालाही ठाऊक नाही. जडच्या मनात शंका येते की आपण मांजरासाठी ती वाट दाखवली म्हणूनच पोरगं गेलं. उत्तर मिळत नाही. निश्चित उत्तर मिळालं असतं तर लुईस निर्दोष तरी ठरला असता किंवा दोषी तरी.

शेवटचं पान मात्र किंगने स्वतःचाच नियम मोडून लिहिलंय. गेज परत आला, जे करायचं ते करून गेला. लुईसने रेचलचं प्रेत उचलून त्याच वाटेने नेलं, या वेळी सोबतीला जड नाही, स्पष्टीकरण द्यायला कुणी नाही. आता तो एकटा पत्ते मांडून बसलाय, दाराकडे पाठ करून. पाऊल वाजतं. गार हात खांद्यावर पडतो. मातीने भरलेल्या आवाजात एक शब्द येतो आणि कादंबरी थांबते. तो वळून बघत नाही, त्यामुळे आपल्यालाही काही दिसत नाही.

इंग्रजीत तो शब्द ‘डार्लिंग’ आहे. मराठी मनाने वाचताना त्या जागी एकच शब्द बसतो, जो हजार संध्याकाळी स्वयंपाकघरातून ऐकू आलेला असतो, ज्यात नाव नसतं आणि तरी कुणाला हाक मारली हे घरात सगळ्यांना कळतं. “अहो.”